बहिणीच्या वतीनं

माझ्या आत्याचं निम्मं आयुष्य एका जर्मन खानावळीच्या स्वयंपाकघरात गेलं. खानावळ हा तिचाच शब्द. दारावरच्या पाटीवर रेस्टॉरंट लिहिलं होतं, पण आत म्हणाल तर लाकडी बाकं, चौकड्यांची मेणकापडं आणि लाँड्री व सायकलवाल्याच्या मध्ये दाबून बसवलेली एवढीशी जागा. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतली माणसं यायची. नटूनथटून कुणी येत नसे. रविवारी तर लोक घरातल्या चपला घालूनच यायचे, कारण रविवारी तिथे ब्रंच असायचा. आत्या म्हणायची, "ना धड न्याहारी, ना धड जेवण. उशिरा उठणाऱ्यांची सोय, दुसरं काय."

आत्याचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला आणि ती आमच्याकडे, म्हणजे तिच्या भावाच्या घरी, राहायला आली. भावाच्या घरात राहायचं पण भावाच्या जिवावर नाही, असा तिचा हट्ट. म्हणून तिनं त्या खानावळीत भांडी घासायचं काम धरलं. मी शाळेतून थेट तिच्याकडे जायचे आणि मागच्या दारातून "आत्या" म्हणून हाक मारायचे. ते ऐकून मालक तिला आत्या म्हणायला लागला, मग वाढपी, मग गिऱ्हाईकं. एक रिटायर झालेला बसड्रायव्हर होता, वयानं तिच्या बापाच्या बरोबरीचा. तोही स्वयंपाकघराच्या खिडकीतून सांगायचा, "आत्या, माझा आज जरा कडक होऊ दे."

कडक व्हायचा तो बटाट्याचा पॅनकेक. रविवारी तिथे काळा पाव, उकडलेली अंडी, सॉसेज, आंबवलेला कोबी असं बरंच काही असे, पण लोक यायचे ते या पॅनकेकसाठी. आत्याला तो ओमानं शिकवला. ओमा म्हणजे मालकाची आई. जर्मनमध्ये आजीला ओमा म्हणतात, मालकाची मुलं म्हणायची, म्हणून सगळा मोहल्लाच म्हणायचा. ती तरुणपणीच नवऱ्याबरोबर इकडे आली होती आणि इकडची भाषा फाडफाड बोलायची. फक्त लिंगांचा घोळ. "तवा तापली नाही अजून," ती म्हणायची, "आणि कढई कुठे गेला?" भांडी घासता घासता आत्या हसायची. एक दिवस ओमानं तिच्या हातातली घासणी काढून घेतली आणि किसणी दिली.

बटाटा किसायचा, फडक्यात बांधायचा आणि पिळायचा. मनगटं भरून येईपर्यंत पिळायचा. "पाणी राहिलं तर तो पॅनकेक नाही, ती चिखल," ओमा म्हणायची. काम जोरात आलं की ती जर्मनमध्ये शिरायची आणि आत्या घाबरून वाटेल ते करायची. एकदा ओमा "नाइन, नाइन" म्हणत हात हलवत होती. आत्याला वाटलं नऊ हवेत. तिनं नऊ पॅनकेक टाकले. नाइन म्हणजे "नाही" हे तिला नंतर कळलं, आणि ते नऊ पॅनकेक दोघींनी मागच्या पायरीवर बसून संपवले. त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते जमलंच.

पुढे ओमा म्हातारी झाली आणि तिला विसर पडायला लागला. शेवटी आलेलं आधी जातं म्हणतात. तशी इकडची भाषा आधी गेली. मग नातवंडांची तोंडं गेली. मुलाला ती कधी नवरा समजायची, कधी पोस्टमन. घरात एकटी बसली की रडायची, म्हणून रविवारी मालक तिला खाली आणून स्वयंपाकघरात भट्टीजवळच्या खुर्चीत बसवायचा. ताटल्यांचा आवाज, तेलाचा वास, यात ती शांत असायची.

अशाच एका रविवारी आत्या तिच्याजवळून जात असताना ओमानं तिचं मनगट धरलं. घट्ट. काहीतरी एक शब्द म्हणाली आणि टक लावून बघत राहिली. मालक दोन्ही हातांत ताटल्या घेऊन उभा होता.

"काय म्हणतायत?" आत्यानं विचारलं.

"तुम्हाला बहीण समजतेय," मालक म्हणाला. "धाकटी बहीण होती तिला. घरात तिला उंदरी म्हणत. लहानपणीच गेली."

"कशानं?"

मालकानं ताटल्या ठेवल्या. "लढाई संपत आलेली. माझी आजी, म्हणजे हिची आई, दोन पोरींना घेऊन घर सोडून निघाली. बंदरावर ही गर्दी, वरून बर्फ. आजीच्या हातात बोचकी. ती आईला म्हणाली, उंदरीचा हात सोडू नकोस. वाऱ्यानं आईची टोपी उडाली. ती पकडायला गेली आणि हात सुटला."

"मग?"

"मग काय. गेली. आई एवढंच म्हणायची, ती गेली. पुढे विचारलं की उठून जायची."

ओमानं मनगट सोडलं नव्हतं. आता ती एक प्रश्न विचारत होती, पुन्हा पुन्हा, लहान मुलीच्या आवाजात. "बिस्ट डू ब्योझे?"

"विचारतेय, रागावलीस का," मालक म्हणाला आणि ताटल्या उचलून बाहेर गेला.

त्या रविवारी आत्यानं नुसतं हसून हात सोडवून घेतला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग ओमानं खाणं टाकलं. घास तोंडाशी नेला की तोंड फिरवायची आणि आत्याकडे बघून विचारायची, बिस्ट डू ब्योझे. मालक हवालदिल झाला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय.

मग एका रविवारी खिडकीत ऑर्डरींची रांग लागली होती. आत्याच्या एका हातात कालथा, दुसरं मनगट ओमाच्या मुठीत. ओमानं विचारलं. आत्या वाकली आणि म्हणाली, "नाइन."

ओमाची मूठ सुटली. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं स्वतः काटा उचलला आणि अख्खी ताटली संपवली. खाऊन झाल्यावर भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपली.

घरी आल्यावर आत्या आम्हाला म्हणाली, "एका शब्दात सुटली बिचारी."

पण सुटली कुठली? आठवड्याभरात ते पुसून जायचं आणि रविवारी पाटी कोरी. आत्या दर रविवारी नाइन म्हणायला लागली. पुढे ती आपल्या भाषेतही भर घालायची, "अगं, टोपी उडाली, त्याला तू काय करणार? मी नाही रागावले." ओमाला किती कळायचं देव जाणे, पण ती जेवायची. माझ्या आईला हे रुचत नव्हतं. ती म्हणायची, "वन्सं, दुसऱ्याच्या वतीनं माफ करायचं म्हणजे अवघडच." बाबा म्हणायचे, "एका शब्दानं म्हातारीच्या पोटात अन्न जात असेल तर खुशाल म्हण गं."

त्यानंतरच्या हिवाळ्यात ओमा गेली. झोपेतच. मालकानं तिच्या माहेरच्या गावच्या वर्तमानपत्रात निधनाची बातमी दिली, तशी तिची फार पूर्वीची इच्छा होती, आणि टेकडीवरच्या दफनभूमीत तिला पुरलं. आत्या तिथे रडली नाही. घरी येऊन दोन दिवस झोपून राहिली.

पुढच्या रविवारी ती कामावर गेली. पहिला पॅनकेक उलटला आणि तिला मागून ऐकू आलं, बिस्ट डू ब्योझे.

तिला वाटलं, सवय. कान असे खेळ करतात. पण दुसऱ्या रविवारी आलं, तिसऱ्या रविवारीही आलं. इतर दिवशी काही नाही, फक्त ब्रंचच्या गर्दीत, बाहेर माणसं हसत असताना, तेल तडतडत असताना, भट्टीच्या बाजूनं. आवाज मोठा नसायचा. आपल्याजवळ उभं राहून कुणी हळूच विचारावं तसा. भांडी घासणारीला आत्यानं ती खुर्ची मागच्या अंगणात टाकायला सांगितली. खुर्ची गेली, आवाज राहिला.

पॅनकेक करपायला लागले. बसड्रायव्हर म्हणाला, "आत्या, कडक म्हणजे कोळसा नव्हे." वाढपी आपसात बोलायचे की आत्या तव्यापुढे उभी राहून "नाइन, नाइन" पुटपुटते. मी तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मी तोवर नोकरीला लागले होते. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. तिचे कपडे अंगावर लोंबायला लागले.

एकदा संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. मी विचारलं, "आत्या, तुला नक्की काय वाटतं?"

ती म्हणाली, "मी तिला जे दिलं ते माझं नव्हतंच. ज्या पोरीचं होतं ती तिकडे गेली. आता हीसुद्धा तिकडे गेली. दोघी भेटल्या असतील ना? ही म्हणाली असेल, तू तर मला माफ केलंस. आणि ती म्हणाली असेल, मी कधी? मग ही परत येणार नाही तर काय करेल? दर रविवारी येते आणि खात्री करून घेते."

"आत्या, काहीतरीच काय."

"काहीतरी असेल तर असू दे," ती म्हणाली आणि देठं गोळा करायला लागली. मला मात्र अंगावर काटा आला, कारण ती हे अगदी साध्या आवाजात बोलली होती. बाजारात कांदे महाग झाले असं सांगावं तसं.

त्यानंतर मी रविवारी ब्रंचला जायला लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या बाकावर बसायचं आणि आत्यावर नजर ठेवायची. म्हणून पुढचं सगळं मी स्वतः पाहिलं.

थंडी नुकती सुरू झाली होती. दाराशी टॅक्सी थांबली आणि एक म्हातारी उतरली. राखी कोट, हातात काठी नाही, पाठ ताठ. ती कोपऱ्यातल्या टेबलावर बसली आणि जर्मनमध्ये बोलली. मालक खूश झाला. बऱ्याच दिवसांत कुणी त्याच्याशी त्याच्या आईच्या भाषेत बोललं नव्हतं. त्यानं कॉफी आणली, पॅनकेक सांगितले. मग म्हातारीनं भिंतीवरच्या ओमाच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि दोनच वाक्यं म्हणाली. मालक उभा होता तो मटकन समोरच्या बाकावर बसला.

थोड्या वेळानं तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "आत्या, गॅस बंद करा आणि बाहेर या."

"ऐन गर्दीत?"

"बंद करा." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ती बाई म्हणतेय, तिला घरात उंदरी म्हणायचे."

आत्या एप्रनला हात पुसत बाहेर आली. तिनं आधी म्हातारीच्या पायांकडे पाहिलं. मी बघत होते, म्हणून सांगते. पाय सरळ होते, जाड तळाच्या बुटांत होते. मग तिनं तोंडाकडे पाहिलं. ओमाचंच कपाळ, ओमाचीच हनुवटी. आत्यानं टेबलाची कड धरली.

मालक मध्ये बसला आणि दोन्हीकडचं सांगू लागला.

ती मेली नव्हती. बंदरावर हरवली होती. एका शेतकरी जोडप्यानं तिला उचलून घरी नेलं. दोन वर्षांनी तिच्या आईला तिचा पत्ता लागला आणि तिनं तिला परत आणलं. त्यानंतर दोघी बहिणी एकाच खोलीत वाढल्या, एकाच पलंगावर झोपल्या आणि एकमेकींशी कामापुरतं बोलल्या. मोठीचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर दूर देशी निघाली. धाकटी निरोप द्यायला गेली नाही. पुढे कुणी कुणाला काही कळवलं नाही. मागच्या हिवाळ्यात गावच्या वर्तमानपत्रात तिनं बातमी वाचली, पण निघायला वर्ष लागलं.

"आई म्हणायची, तू गेलीस," मालक म्हणाला. त्यानं ते आम्हालाही आमच्या भाषेत सांगितलं.

म्हातारीनं खांदे किंचित वर केले. "गेलेच होते. तीही गेली होती."

माझ्या शेजारी बसड्रायव्हर पेपर समोर धरून बसला होता. पान उलटत नव्हता.

आत्या म्हणाली, "मालक, मला यांना एक सांगायचंय. एकही शब्द गाळू नका." आणि तिनं सगळं सांगितलं. मनगट, प्रश्न, न खाणं, कालथा हातात असताना दिलेलं उत्तर. "तुमच्या वतीनं मी तिला सांगितलं की तुम्ही रागावला नाहीत. दर रविवारी सांगितलं. टोपी उडाली, त्यात तिचा काय दोष, असंही म्हटलं."

मालकानं सांगितलं. म्हातारी ऐकत होती. शेवटच्या वाक्यावर तिनं मान वर केली आणि एकच शब्द विचारला. "टोपी?"

मग ती बोलू लागली, सावकाश. मालक थोडं सांगायचा आणि थांबायचा.

"ती म्हणतेय, टोपीबिपी काही नव्हतं. तिचे पाय गारठले होते, ती रडत होती, चालत नव्हती. आईनं... माझ्या आईनं तिला दोनदा ओढलं."

"पुढे?" आत्या म्हणाली.

"आईनं हात झटकला. तिला म्हणाली, मर इथेच. आणि पुढे गेली."

काउंटरवरचं कॉफीचं मशीन तेवढं फुसफुसत होतं.

म्हातारीनं आत्याकडे बघून काही म्हटलं, आणि मालकानं खाली मान घालून ते आमच्या भाषेत आणलं. "तू तिला सांगितलंस, मी रागावले नाही. मी रागावले होते. अजून आहे."

"माझं चुकलं," आत्या म्हणाली.

"ऐकल्यावर ती जेवली?"

"जेवली. झोपलीसुद्धा."

"आणि पुन्हा विचारलं?"

"दर रविवारी."

म्हातारी खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्यावर सायकलवाला चाक फिरवून पंक्चर शोधत होता. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण आवाज मघासारखा राहिला नव्हता. "एका पलंगावर झोपायचो आम्ही. मला तिनं एकदाही विचारलं नाही."

आत्या रडायला लागली. म्हातारी रडली नाही. वाढप्यानं मघाच ठेवलेली ताटली तिच्यासमोर गार होत होती. तिनं ती ओढून घेतली, पॅनकेकचा तुकडा मोडला आणि खाल्ला. चावताना थांबली, मग आणखी एक मोडला. खात असतानाच म्हणाली, "तू दिलंस ते तुझं होतं. माझं माझ्याकडेच आहे. त्याचं तू वाईट वाटून घेऊ नकोस."

ताटली संपल्यावर तिनं दफनभूमी कुठे आहे ते विचारलं. मालकानं ब्रंच तिथेच थांबवला. अशी गोष्ट त्या खानावळीत पूर्वी कधी झाली नव्हती, पण कुणी कुरकुर केली नाही. बसड्रायव्हरनं उठून दारावरची पाटी उलटी केली आणि "मी बसतो इथे, कुणी आलं तर सांगतो," म्हणाला. आम्ही चौघं मालकाच्या गाडीतून टेकडीवर गेलो. आत्याच्या अंगात एप्रन तसाच होता.

ओमाच्या थडग्याशी पोचल्यावर मी आणि आत्या चार पावलं मागे थांबलो. मालकही थांबला होता, पण म्हातारीनं त्याला जवळ बोलावलं. मग ती बोलायला लागली. खाली दगडाकडे बघून, न थांबता, एकसुरी. बराच वेळ. आवाज एकदा चढला आणि पुन्हा खाली आला. वारा होता, त्यामुळे आम्हाला शब्द नीट ऐकू येत नव्हते, आणि आले असते तरी कळले नसते. आत्या कान टवकारून उभी होती. ती एकच शब्द शोधत होती हे मला माहीत होतं. नाइन. तो आला की नाही, मला सांगता येणार नाही. आत्यालाही नाही.

बोलणं संपलं तेव्हा मालक डोळे पुसत होता. म्हातारीनं कोटाची बटणं लावली आणि गाडीकडे निघाली. आत्या मालकाच्या जवळ गेली. "काय म्हणाल्या त्या?"

मालकानं रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "ते तुमच्यासाठी नव्हतं, आत्या."

आत्याला ते लागलं. इतके रविवार त्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं होतं, आणि खरं उत्तर आलं तेव्हा तिला बाहेर ठेवलं. रात्री जेवताना मात्र ती आपणहून म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं. मी कोण?" आई म्हणाली, "वन्सं, भाजी घ्या." आत्यानं घेतली, दुसऱ्यांदाही घेतली.

म्हातारी दोन दिवस मालकाच्या घरी राहिली आणि परत गेली. मालक तिला विमानतळावर पोचवून आला. पुढे तो वर्षातून एकदा तिच्याकडे जाऊ लागला आणि ती वारली तेव्हा तिथे होता. त्या दिवशी दफनभूमीत काय झालं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आत्यानंही पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर कित्येक महिन्यांनी मी धीर करून विचारलं, "आत्या, रविवारी अजून ऐकू येतं का गं?"

ती बटाटे सोलत होती, घरातच, आमच्यासाठी. "येतं की," ती म्हणाली.

"मग तू काय करतेस?"

"काही नाही. गप्प राहते आणि पॅनकेक उलटते." तिनं साल काढून बाजूला टाकलं. "आता ती मला विचारत नाही. माझ्या पलीकडे कुणीतरी उभं असतं, त्याला विचारते."

"आणि ते कुणी उत्तर देतं?"

"अगं, तेल तडतडत असतं तेव्हा," आत्या म्हणाली. "एवढं कुठलं ऐकू यायला."